विहीर एक, खेळणारे पाच

गेल्या वर्षी आमच्या महाविद्यालयातील अर्थशास्त्राच्या वर्गात पाऊण तासात चार विहिरी कोरड्या पडल्या. विहिरी अर्थातच कागदावरच्या होत्या. वर्गातील मुलामुलींचे पाच-पाच जणांचे सात गट पाडून प्रत्येक गटाच्या वाट्याला एक सामाईक विहीर दिली होती. प्रारंभी विहिरीत पाण्याचे ५० भाग, आणि प्रत्येक फेरीनंतर पावसाने ५ भागांची भर. प्रत्येकाने आपल्या चिठ्ठीवर गुपचूप पीक लिहावयाचे. हरभरा लिहिला तर १ भाग पाणी लागते आणि ५ गुण पदरात पडतात; ऊस लिहिला तर ३ भाग पाणी आणि १० गुण. एकमेकांशी बोलावयाचे नाही. फेऱ्या किती होणार हे मी सांगत नाही, कारण ते आधी कळले तर शेवटच्या दोन फेऱ्यांत शहाणी मुलेदेखील विहीर उपसून घेतात.

हिशेब सोपा आहे. पाचही जणांनी हरभरा घेतला तर पावसाने येते तेवढेच पाणी खर्च होते आणि दहा फेऱ्यांत प्रत्येकाला ५० गुण मिळतात. पाचही जणांनी ऊस घेतला तर दर फेरीला १५ भाग जातात, ५ परत येतात. चौथ्या फेरीअखेर विहिरीत १० भाग उरतात आणि पाचव्या फेरीत मोटार हवा ओढू लागते. तोवर प्रत्येकाचे गुण झालेले असतात ४०. हा हिशेब फळ्यावर मांडून दाखविला असता तर वर्गाने तो निमूटपणे वहीत उतरवून घेतला असता आणि परीक्षेत तंतोतंत लिहिला असता. परंतु खेळताना मात्र न्हावऱ्याकडची, मांडवगण फराट्याची, भीमेपलीकडून पारगाव-राहूहून येणारी, म्हणजे ज्यांच्या घरी ऊस आणि पाणी यांखेरीज दुसरा विषय निघत नाही अशी मुले चिठ्ठीवर ऊसच लिहीत राहिली. चार गटांच्या विहिरी आटल्या. नंतर मी नियम बदलला. प्रत्येक फेरीपूर्वी दोन मिनिटे आपापसांत बोलण्याची मुभा दिली. ठरले ते पाळण्याची सक्ती मात्र केली नाही. या वेळी एकच विहीर आटली, आणि तिच्यावरून वर्ग सुटल्यावर एस.टी. थांब्यापर्यंत भांडण चालले.

हा खेळ माझा नव्हे. फाउंडेशन फॉर इकॉलॉजिकल सिक्युरिटी ही संस्था आणि आंतरराष्ट्रीय अन्नधोरण संशोधन संस्था यांच्या अभ्यासकांनी तो सुमारे दहा-बारा वर्षांपूर्वी आंध्र प्रदेशातील खेड्यांत शेतकऱ्यांकडून खेळवून घेतला. अनंतपूरसारख्या, पाऊस कमी आणि बोअर फार अशा प्रदेशात तो खेळला गेला आणि त्यानंतर गावकऱ्यांना एकत्र बसवून काय घडले, का घडले याची चर्चा करण्यात आली. पुढे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधातील निष्कर्ष असा, की जेथे खेळ व चर्चा झाली त्या वस्त्यांनी पाण्याची नोंदवही ठेवणे आणि उपशाविषयी काही नियम करणे या गोष्टी, त्याच संस्थेचे काम चालू असलेल्या परंतु खेळ न झालेल्या वस्त्यांपेक्षा, लक्षणीय प्रमाणात अधिक केल्या. नियम होणे आणि पाणी वाचणे या अर्थातच दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. आपल्याकडे नियमांचा दुष्काळ कधीच नव्हता. राज्याच्या २००९ च्या भूजल कायद्यात शेतीसाठी ६० मीटरपेक्षा खोल विहिरीला प्रतिबंध आहे. ६० मीटर म्हणजे सुमारे २०० फूट. कान्हूर मेसाईच्या किंवा दक्षिण दौंडच्या माळावर रात्री बोअरचे यंत्र किती फुटांवर जाऊन थांबते ते ज्याने ऐकले आहे, त्याला या कलमाविषयी अधिक सांगावयास नको. तरीही, कोणी न सांगता एखादी वस्ती आपली नोंदवही स्वतः उघडते, ही घटना क्षुल्लक नाही.

खेळ खेळणाऱ्याला बदलतो ही कल्पना आपणास परकी वाटण्याचे कारण नाही. आपण ज्याला सापशिडी म्हणतो त्याचे जुने मराठी रूप म्हणजे मोक्षपट. कवड्या टाकून खेळावयाचा हा पट. शिडीच्या पायथ्याशी सद्गुण, सापाच्या तोंडाशी दुर्गुण. परंपरा त्याच्याशी थेट ज्ञानेश्वरांचे नाव जोडते. ते बाजूला ठेवले तरी एक गोष्ट उरते: करमणूक करता करता माणसाच्या वागण्याला वळण लावावे असा उघड हेतू धरून कोणी तरी हा पट आखला होता. तो हेतू किती सफल झाला हे मात्र कोणी मोजले नाही. मोजण्याची ही सवय पुढे आली, आणि ती या पुणे जिल्ह्यातच आली, याचा आपल्याला जवळजवळ विसर पडला आहे.

१९५६ च्या फेब्रुवारी ते एप्रिल या महिन्यांत आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने एक प्रयोग केला. तेव्हाच्या मुंबई राज्यातील पाच मराठी जिल्हे निवडण्यात आले, त्यांत पुणे जिल्हा होता. सुमारे दीडशे गावांत शेतकरी श्रोत्यांची मंडळे स्थापन करण्यात आली. आठवड्यातून दोन वेळा, दहा आठवडे, एकूण वीस कार्यक्रम झाले. मंडळातील दहा-पंधरा-वीस माणसांनी चावडीवर किंवा शाळेत रेडिओभोवती बसावयाचे, कार्यक्रम ऐकावयाचा, मग रेडिओ बंद करून त्यावर बोलावयाचे आणि आपले प्रश्न केंद्राकडे कळवावयाचे. कल्पना कॅनडातून आलेली होती. तेथे अशी मंडळे १९४१ पासून चालत असत. प्रयोगाचे मूल्यमापन मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेकडे सोपविण्यात आले, आणि त्याचा अहवाल आकाशवाणीचे महासंचालक जगदीशचंद्र माथुर आणि समाजशास्त्रज्ञ पॉल नॉयराथ यांच्या नावाने युनेस्कोने १९५९ मध्ये प्रसिद्ध केला. हे नॉयराथ हिटलरच्या छळछावण्यांतून वाचलेले गृहस्थ. त्यांचे वडील ओटो नॉयराथ यांनी आकडेवारी निरक्षरालाही कळावी म्हणून चित्रलिपी रचली होती. त्यांच्या मुलाने मराठी खेड्यांत येऊन निरक्षर शेतकऱ्याला रेडिओमुळे काय कळले हे मोजावे, या योगायोगाचे मला नेहमीच कौतुक वाटत आले आहे.

अहवालाची खरी थोरवी त्याच्या रचनेत आहे. संशोधकांनी केवळ मंडळांची गावे पाहिली नाहीत. रेडिओ आहे पण मंडळ नाही अशी गावे आणि रेडिओच नाही अशी गावे, या दोहोंतही कार्यक्रमांपूर्वी व कार्यक्रमांनंतर माणसांना तेच प्रश्न विचारले. मंडळे असलेल्या गावांत माहितीत मोठी भर पडलेली दिसली. नुसता रेडिओ असलेल्या गावांत ती फारच थोडी होती. म्हणजे आवाज तोच, मजकूर तोच, भाषा तीच, आणि परिणामात मात्र जमीन-अस्मानाचे अंतर. फरक पडला तो रेडिओ बंद झाल्यानंतर जे घडे त्याने. पुढे १९५९ पासून ही मंडळे देशभर काढण्यात आली, त्यांची संख्या सरकारी अहवालांत फुगत गेली आणि हळूहळू ती कागदावरच उरली. यंत्र खरेदी करता येते, त्याची पावती मिळते. यंत्र बंद केल्यानंतरच्या अर्ध्या तासासाठी अंदाजपत्रकात शीर्षक नसते.

आज या विषयाला दृक्‌श्राव्य माध्यमांचे संशोधन असे भारदस्त नाव मिळाले असून जगातील मोठी विद्यापीठे आणि त्यांहून मोठ्या कंपन्या त्यात गुंतल्या आहेत. त्याचे एक टोक म्हणजे हवे ते चित्र हुडकून काढणे आणि दुसरे टोक म्हणजे खेळणाऱ्याला बदलणारे खेळ. पहिल्या टोकाविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण त्याचा संबंध शिरूर-दौंडच्या प्रत्येक शेतकऱ्याच्या खिशाशी आहे.

चित्र हुडकणे ही पूर्वी माणसाची विद्या होती. पुण्यात १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले तेव्हा कोणत्या डब्यात कोणती फीत हे कोणा जाणत्याला ठाऊक असणे, नोंदींच्या पत्रांवर ते लिहिलेले असणे, यावाचून गत्यंतर नव्हते. फितीच्या पोटात काय आहे हे फीत स्वतः सांगत नाही. पुस्तकाला निदान शेवटी सूची जोडता येते. अमेरिकेच्या प्रमाणन संस्थेने २००१ पासून या कामासाठी दरवर्षी एक परीक्षाच भरविण्यास प्रारंभ केला: चित्रफितींचा एकच साठा सर्वांना द्यावयाचा, तेच प्रश्न विचारावयाचे आणि कोणाचे यंत्र किती अचूक उत्तरे काढते ते पाहावयाचे. प्रारंभी यंत्रे दृश्य कोठे तुटते, रंग कसे बदलतात एवढेच ओळखत. आता चित्र आणि शब्द या दोहोंचेही आकड्यांच्या लांबच लांब रांगांत रूपांतर करून, ज्या रांगा एकमेकींच्या जवळ त्यांचा अर्थही जवळचा, असे मानून यंत्र शोध घेते. प्रगती विलक्षण आहे, आणि ती नाकारण्यात काही अर्थ नाही.

परंतु ही जवळीक यंत्राला शिकवली गेली ती मुख्यतः ज्या भाषांत चित्रे आणि मजकूर विपुल आहेत त्या भाषांतून. आमच्या एका विद्यार्थ्याने कांद्याच्या पातीवर पडलेल्या डागांसाठी मोबाइलला ‘करपा’ असे विचारले. कांद्यावर करपा असतो, टोमॅटोवर असतो, भातावरही असतो. तीन पिके, तीन निराळे रोग, शब्द मात्र एक. त्याच्यापुढे तिन्ही आले, आणि सर्वांच्या वर आली ती एका औषधाची जाहिरात, शेतकऱ्याच्या अनुभवकथनाचा वेष घेऊन. आडसाली, सुरू आणि खोडवा यांतील भेद, हलक्या मुरमाड रानातला ऊस आणि काळ्या खोल जमिनीतला ऊस यांतील भेद, हे आमच्याकडच्या शेतकऱ्याचे पहिले प्रश्न असतात. चित्रफितीत ते कोणी स्पष्ट उच्चारलेले नसले, तर ती योग्य फीत असूनही त्याच्या हाती लागत नाही; उच्चारलेले असले तरी वरचढ आवाजाच्या फिती तिला खाली दडपतात. हर्बर्ट सायमन या अर्थशास्त्रज्ञाने १९७१ मध्येच दाखवून दिले होते की माहिती विपुल झाली की टंचाई होते ती लक्षाची. टंचाईच्या वस्तूचा बाजार भरतो, हे सांगावयास अर्थशास्त्राच्या प्राध्यापिकेची आवश्यकता नाही.

शोधयंत्राच्या परीक्षेत दोन गोष्टी मोजल्या जातात: दाखविलेल्यांपैकी योग्य किती, आणि योग्य असलेल्यांपैकी सापडल्या किती. दोन्ही मापे निर्दोष आहेत. मात्र सापडलेली फीत पाहून शेतकऱ्याने दुसऱ्या दिवशी काय केले, हा प्रश्न त्या परीक्षेत नाही. १९५६ च्या प्रयोगात तोच मुख्य प्रश्न होता.

तो प्रश्न विचारणारे आजही आहेत. २००६ च्या सुमारास बंगळूर येथील मायक्रोसॉफ्टच्या संशोधन केंद्रात डिजिटल ग्रीन नावाचा प्रकल्प सुरू झाला. गावातल्याच शेतकऱ्याची साधी फीत काढावयाची आणि ती आसपासच्या गावांतील लहान गटांना दाखवावयाची. दाखविणारी व्यक्ती मधूनमधून फीत थांबविते, प्रश्न विचारते, पुढच्या बैठकीत कोणी काय केले याची नोंद घेते. कर्नाटकातील गावांत हे नेहमीच्या शेतीविस्तार पद्धतीपेक्षा खर्चाच्या मानाने कितीतरी पटींनी फलदायी ठरले. ‘फीत थांबविणे’ हा त्यातील कळीचा भाग. पन्नास वर्षांनंतर, नव्या यंत्रासह, संशोधक पुन्हा पुण्याच्या चावडीवर येऊन पोहोचले असे म्हणावयास हरकत नाही.

आता दुसऱ्या टोकाकडे वळते, आणि येथे लेखणी जड होते. माझ्या वर्गात देऊळगावच्या बाजूने येणारा एक मुलगा होता. सीमांत उपयोगितेच्या सिद्धांतावर त्याने मला असा प्रश्न विचारला होता की उत्तरासाठी मला एक दिवस मागून घ्यावा लागला. दुसऱ्या सत्रात तो येईनासा झाला. चौकशी केली तेव्हा कळले की मोबाइलवरील पैसे लावून खेळावयाच्या खेळात मोटारसायकलीच्या हप्त्याचे पैसे, मग बहिणीच्या शुल्काचे पैसे, मग मित्रांकडून घेतलेली उसनवारी, अशी ती उतरण झाली होती. तो आता एका कारखान्यात कंत्राटी कामगार आहे. हे खेळदेखील खेळणाऱ्याला बदलतात. किंबहुना वर्तनशास्त्राचे ज्ञान त्यांच्याइतके पूर्णपणे कोणीच वापरलेले नाही. स्किनर यांनी कबुतरांवर केलेल्या प्रयोगांत दिसून आले होते की प्रत्येक टोचीला दाणा मिळाला तर कबूतर भूक भागेपर्यंत टोचते. दाणा केव्हा मिळेल याचा नेम नसला तर ते अखंड टोचत राहते. या मुलाला गणित येत नव्हते असे नव्हे. वर्गात अपेक्षित मूल्याची उदाहरणे त्याची सर्वांत आधी सुटत.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर, त्यांच्या जाहिरातींवर आणि त्यासाठीच्या बँक-व्यवहारांवर बंदी घातली. कायद्याचे मी स्वागत केले आणि वर्गातही सांगितले. तथापि बंदीने खेळाचे एक दुकान बंद होते. ज्या कौशल्याने ते चालले होते ते कौशल्य तसेच राहते आणि दुसऱ्या दुकानात कामास लागते. चित्रफितीमागून चित्रफीत आपोआप सरकत राहते तीही कबुतराच्या दाण्याचीच जात आहे. पाण्याच्या खेळात आणि या खेळात पडद्याचा किंवा कागदाचा भेद नाही. पाण्याच्या खेळात पाचजण एकमेकांची तोंडे पाहत असतात आणि खेळ थांबला की बोलतात. या दुसऱ्या खेळात माणूस एकटा असतो, बहुधा रात्री, आणि थांबणे म्हणजे हरणे अशी त्याची समजूत करून दिलेली असते.

सामाईक विहिरीचा प्रश्न आमच्या पाठ्यपुस्तकात अजूनही गॅरेट हार्डिन यांच्या १९६८ च्या निबंधाने सुरू होतो: सामाईक ते सर्वांनी ओरबाडावयाचे आणि शेवटी नाश, त्यावर उपाय सरकार किंवा खासगी मालकी. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले ते हे खोटे ठरविल्याबद्दल. त्यांचा प्रबंधच मुळी कॅलिफोर्नियातील भूजलावर होता. माणसांना बोलू दिले, नियम स्वतः करू दिले, तर ती सामाईक वस्तू राखतात, हे त्यांनी गावोगावच्या नोंदींतून आणि प्रयोगशाळेतील खेळांतूनही दाखविले. आम्हाला त्यासाठी कॅलिफोर्नियाला जाण्याचे कारण नाही. दौंडच्या शेजारी पुरंदर तालुक्यात नायगाव येथे विलासराव साळुंखे यांनी १९७० च्या दशकात पाणी पंचायत उभी केली. पाणी जमिनीच्या मानाने नव्हे तर माणशी वाटावयाचे, माणशी अर्धा एकर, भूमिहीनालाही हक्क, आणि ऊस नाही. खेळाचे नियमच बदलले म्हणजे खेळणारे कसे बदलतात याचा इतका स्वच्छ दाखला दुसरा सापडणे कठीण.

ऊस नाही, हे न्हावरे आणि पाटस येथे, साखर कारखान्यांच्या धुराड्यांखाली उच्चारणे सोपे नाही, याची मला जाणीव आहे. या भागातील उसाने शाळा उभारल्या, घरे बांधली. माझ्या वर्गातील निम्म्या मुलांचे शिक्षण उसावर चालते. शिवाय खेळातल्या विहिरीत पाणी फक्त पावसाने येते. दौंडच्या विहिरीत ते मुठेच्या कालव्यानेही येते, शिरूरच्या काही गावांत घोड आणि चासकमानच्या पाटाने येते, आणि आवर्तन केव्हा सुटेल याचा निर्णय गावाबाहेर होतो. एका विद्यार्थिनीने हाच आक्षेप घेतला, आणि तो बिनतोड आहे. म्हणून खेळाची नवी आवृत्ती मुलांनी स्वतः तयार केली असून तीत दर तिसऱ्या फेरीला एक फासा टाकला जातो. तो कालव्याचा फासा.

या कामाला मोठ्या प्रयोगशाळा लागत नाहीत. शिरूर तालुक्यातच पाबळ येथे श्रीनाथ कालबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम काढला, हाताने करून शिकण्यावर श्रद्धा ठेवली, आणि २००२ मध्ये अमेरिकेतील एमआयटीबाहेर उभ्या राहिलेल्या अगदी पहिल्या फॅब लॅबपैकी एक तेथे आली. दुष्काळी माळावरचे पाबळ जगाच्या नकाशावर असे पोहोचू शकते, तर दोन तालुक्यांतील महाविद्यालयांनी मिळून दहा गावांत खेळ, दहा गावांत नुसती चित्रफीत आणि दहा गावांत काहीच नाही, अशी १९५६ च्या धर्तीची पाहणी करणे अशक्य का असावे? प्रश्नावली मराठीत करता येईल, मोजणारी मुले त्याच गावांची असतील. खर्च होईल तो एस.टी.च्या भाड्याचा आणि चहाचा. त्यातून निघालेले उत्तर कदाचित माझ्या म्हणण्याच्या विरुद्धही जाईल, आणि तसे गेले तर ते मी याच पानावर लिहीन.

येत्या उन्हाळ्यात भीमेच्या दोन्ही काठांवरील एकेका गावात हा खेळ घेऊन जाण्याचे ठरले आहे. बोलणी करण्यासाठी गेलो तेव्हा दौंडकडच्या गावातील एक वृद्ध बागाईतदार सर्व ऐकून घेऊन म्हणाले, “बाई, बसू की खेळायला. पण पाच चिठ्ठ्या पुरायच्या न्हाईत. सहावी चिठ्ठी पुण्याला द्या, अन् त्यास्नी बी आमच्यासंगं वट्ट्यावर बसवा.” मुले हसली. गावाहून परतताना मात्र गाडीत त्यांची चर्चा चालू होती ती ही, की सहाव्या खेळाडूला एका फेरीत किती भाग पाणी उचलू द्यावे.